आयडी पॅकेजच्या नोंदी : ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

११ ऑगस्ट, सोमवार

मी सांभाळते त्या पायथन पॅकेजबद्दल, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामना पुन्हा न येणारे आयडी बनवून देणाऱ्या कोडबद्दल, सकाळी तक्रार आली : तुमच्या पॅकेजने एकच आयडी दोनदा दिला. लिहिणारा मुलगा परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सोबत डेटाबेसच्या लॉगमधल्या सहा ओळी, सगळ्या युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे टेबलात एक आयडी एकदाच येऊ देणारा नियम, मोडल्याच्या.

अशा तक्रारी अधूनमधून येतात. आजवर प्रत्येक वेळी चूक वापरणाऱ्याच्या कोडमध्ये निघाली आहे. कुणी फंक्शनच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्येच आयडी बनवलेला असतो, म्हणजे तो प्रोग्राम सुरू होताना एकदा बनतो आणि पुढे सगळ्यांना तोच मिळतो. कुणी लूपच्या बाहेर बनवून आत वापरलेला असतो. त्यामुळे उत्तरही ठरलेलं झालं होतं : व्हर्जन ४ च्या, म्हणजे रँडम बनणाऱ्या प्रकारच्या, यूयूआयडीत (कुठेही बनवला तरी दुसऱ्याशी जुळू नये अशा आयडीत) १२८ पैकी १२२ बिट्स रँडम असतात, सेकंदाला १०० कोटी आयडी बनवत राहिलात तर सुमारे ८६ वर्षांनी एखादी जोडी जुळण्याची शक्यता निम्म्यावर येते, तेव्हा आधी आपला कोड तपासा.

तेच उत्तर लिहायला घेतलं आणि लॉगमधल्या वेळा दिसल्या. सहाही ओळी सकाळी सव्वासात ते साडेसातमधल्या. योगायोगाला घड्याळ कळत नाही. तक्रार उघडी ठेवली आणि त्याला विचारलं, सव्वासातला तुमच्याकडे काय होतं?

१३ ऑगस्ट, बुधवार

उत्तर आलं. सातला लॅब उघडते, सव्वासातला सर्व्हर रिस्टार्ट होतो. गनिकॉर्न हा पायथनचा वेब सर्व्हर, चार वर्कर, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या चार प्रोसेस, प्रीलोड चालू. म्हणजे मुख्य प्रोसेस सगळा कोड आधी लोड करते आणि मग स्वतःच्या चार प्रती काढते.

हे वाचल्यावर पोटात गोळा आला, कारण आपल्या कोडमध्ये कुठे बघायचं ते मला माहीत होतं. तो भाग मीच लिहिला आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार, रात्री

वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. पॅकेज आणलं, एक आयडी बनवला, चार वेळा फोर्क केलं, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढली, आणि प्रत्येक पोरीला, म्हणजे चाइल्ड प्रोसेसला, दहा-दहा आयडी छापायला सांगितलं. स्क्रीनवर चार रकाने आले. पहिल्या रकान्यातली पहिली ओळ, दुसऱ्यातली पहिली, तिसऱ्यातली, चौथ्यातली : एकच. दुसरी ओळही एकच. दहाच्या दहा.

कारण असं. दर आयडीला १६ बाइट्स लागतात आणि ते कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, मागून घ्यायचे तर प्रत्येक वेळी एक सिस्टिम कॉल, त्यात वेळ जातो. २०१९ साली वेग वाढवायला म्हणून मी एकदम ४०९६ बाइट्स मागून ठेवणारा बफर, म्हणजे मेमरीतला तात्पुरता साठा, घातला आणि त्यातून सोळा-सोळाचे तुकडे देत गेले. एका बफरात २५६ आयडी. वेग चांगलाच वाढला होता आणि टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, पण त्यात फोर्कची एकही टेस्ट नव्हती. फोर्क झालं की मेमरीची हुबेहूब प्रत होते, त्यात बफरही आला. लॅबचा सर्व्हर सुरू होताना स्वतःच्या नोंदीसाठी एक आयडी बनवतो, तेवढ्याने बफर भरतो. उरलेले २५५ आयडी चारही वर्करच्या खिशात, त्याच क्रमाने.

लॅबला हे इतके दिवस कळलं नाही, कारण डेटाबेसने आयडी नाकारला की त्यांचा कोड गुपचूप पुढचा आयडी घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. कन्स्ट्रेंट होता म्हणून निदान नोंदी वाचल्या. ज्यांच्या टेबलावर तो नसेल त्यांच्याकडे काय साठलं असेल ते आपल्याला इथून दिसणार नाही. आणि सेशनचं टोकन, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची ओळखखूण, म्हणून कुणी हेच आयडी वापरत असेल, तर दोन माणसांच्या हाती एकच किल्ली गेली असेल.

रात्री साडेअकराला सरांना फोन केला. हे पॅकेज त्यांनी सुरू केलं, आता ते गिरगावात घरी असतात आणि कोड फक्त वाचतात. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, आधी झोप. चूक सापडली आहे, ती कुठे पळून जात नाही."

१६ ऑगस्ट, शनिवार

दुरुस्तीचे दोन रस्ते. पायथन ३.७ पासून फोर्क झाल्यावर चाइल्डमध्ये आपलं एखादं फंक्शन चालवायची सोय आहे, तिथे बफर रिकामा करायचा. चार ओळींचं काम, वेगही राहतो. मी तेच करून सरांना दाखवलं.

त्यांनी एकच प्रश्न विचारला : "आणि मशीनचीच प्रत काढली तर?"

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा, स्नॅपशॉट घेतला आणि त्यावरून दोन मशीनं उठवली, तर मेमरी पुन्हा तीच, बफर तोच, आणि फोर्क झालेलंच नाही, तेव्हा आपलं फंक्शन चालणारच नाही. मशीनची प्रत निघाली हे नव्या लिनक्स कर्नलला व्हर्च्युअलायझेशनच्या थराकडून कळू शकतं, मग तो आपला रँडम साठा नव्याने घुसळतो. आपल्या पायथनमधल्या बफरला ते कोण सांगणार?

बफर काढून टाकला. आता प्रत्येक आयडीचे सोळा बाइट्स त्या क्षणी कर्नलकडून. वेग घटला आहे आणि तो घटू द्यायचा. प्रकाशन-नोंदीत हे पहिल्या ओळीत लिहिलं आहे, तळाशी बारीक अक्षरात नाही.

फोर्कची टेस्ट कायमची घातली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस थांबत नाही. लोकल बंद, मुलुंडात घरीच. दिवसभर सुरक्षेची सूचना लिहीत बसले आणि पॅकेजची २.८.१ आवृत्ती सोडली.

सूचना लिहिणं कोडपेक्षा कठीण गेलं. 'काही विशिष्ट परिस्थितीत' असं पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, ते खोडलं. वाचणाऱ्याला आपण त्या परिस्थितीत आहोत का ते ओळखता आलं पाहिजे. शेवटी असं लिहिलं : तुमचा सर्व्हर आधी कोड लोड करून मग वर्कर काढत असेल, आणि त्याआधी एखादा व्हर्जन ४ आयडी बनत असेल, तर तुम्हाला धोका आहे. खाली एक क्वेरी दिली, आयडीनुसार गट करून एकाहून जास्त वेळा आलेले शोधणारी. त्याखाली, टोकन म्हणून वापरत असाल तर सगळी टोकनं आजच रद्द करा.

२३ ऑगस्ट, शनिवार

लॅबमध्ये जाऊन आले. त्या मुलाने बोलावलं होतं, आणि मलाही बघायचं होतं की आपण बनवलेला आयडी शेवटी जातो कुठे.

तो नळीवर जातो. जांभळ्या टोपणाची बोटभर नळी, तिच्याभोवती गुंडाळलेलं लेबल, त्यावर नाव, वय, बारकोड आणि बारकोडाखाली आठ अक्षरं. आठच. छत्तीस अक्षरांचा आख्खा यूयूआयडी त्या लेबलवर मावत नाही, म्हणून पहिली आठ छापतात, स्कॅनरही तेवढीच वाचतो आणि सॉफ्टवेअर त्यावरून रुग्ण शोधतं.

तिथल्या टेक्निशियन ताईंनी जुलैमधली गोष्ट सांगितली. नळी स्कॅन केली, स्क्रीनवर ७२ वर्षांचे आजोबा आले, आणि हातात होती लहान मुलांसाठी वापरतात ती छोटी नळी. "ती छोटी नळी बघूनच मी थांबले मॅडम. लेबलवर नाव बाळाचं, स्क्रीनवर आजोबांचं. रोज शंभरदा स्कॅन करताना नाव कोण वाचतंय?" त्यांनी दोन्ही नळ्या बाजूला ठेवल्या आणि नमुने पुन्हा घ्यायला लावले.

हे कसं झालं ते त्यांच्यासमोर कागदावर उलगडलं. लेबल आधी छापलं जातं, नोंद नंतर होते. बाळाचं लेबल छापलं, पण नोंद करताना डेटाबेसने आयडी नाकारला, कारण दुसऱ्या वर्करने तोच आयडी पाच मिनिटांपूर्वी आजोबांना दिला होता. कोडने नवा आयडी घेतला आणि नोंद पुरी केली. नळीवर जुनाच राहिला.

ताईंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मला त्यांचे आभार मानायचे होते, नीट मानता आले नाहीत.

निघताना मुलाने विचारलं, "मॅडम, व्हर्जन ७ डिफॉल्ट कधी करताय? आम्ही वाट बघतोय." आमच्या ३.० च्या आराखड्यातलं ते पहिलं कलम : पॅकेजला नुसता आयडी मागितला की ४ ऐवजी ७ द्यायचा. मी हो म्हणणार, तेवढ्यात नजर पुन्हा नळीवरच्या आठ अक्षरांवर गेली.

व्हर्जन ७ मध्ये पहिले ४८ बिट्स म्हणजे वेळ, मिलिसेकंदांत. पहिली आठ अक्षरं म्हणजे त्यातले वरचे ३२ बिट्स. खालचे १६ कापले की ६५,५३६ मिलिसेकंद अंगावर येतात, पासष्ट सेकंदांहून थोडे जास्त. म्हणजे पासष्ट सेकंदांच्या त्या तुकड्यात बनलेल्या प्रत्येक आयडीची पहिली आठ अक्षरं सारखीच. सकाळी सात ते नऊ उपाशीपोटीच्या तपासण्यांची रांग लागते, एका मिनिटात तीन-चार लेबलं सहज निघतात. आम्ही ३.० सोडली असती, यांनी अपडेट केलं असतं, आणि पहिल्याच सकाळी निम्म्या नळ्यांना जोडीदार मिळाला असता. आमच्या बाजूने तो बग म्हणून दिसलासुद्धा नसता.

२४ ऑगस्ट, रविवार

३.० मधला डिफॉल्टचा बदल रद्द. मागितल्यावर ४ मिळतो तो ४ च मिळेल. ७ हवा असेल त्याने नाव घेऊन मागावा.

सरांशी यावर तासभर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, आयडी कापणं हा यूयूआयडीच्या प्रमाणाचा, म्हणजे ठरलेल्या नियमांचा, भंग आहे, आपण कशाला थांबायचं? मी म्हटलं, सर, कापणारे कापतात हे आता आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक असताना जमीन हलवायची नाही. बराच वेळ ते गप्प होते, मग म्हणाले, "ठीक आहे. पण का, ते लिहून ठेव. पाच वर्षांनी कुणीतरी पुन्हा हेच सुचवेल."

म्हणून ही नोंद.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज गौरी गेल्या. काम थोडंच. 'आखूड आयडी द्या' ही जुनी मागणी कारण देऊन बंद केली. आठ अक्षरांत ३२ बिट्स मावतात. ते पूर्ण रँडम असले तरी ७७ हजार आयडींच्या आसपास एखादी जोडी जुळण्याची शक्यता निम्मी होते. खोलीत २३ माणसं असली की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या पुढे जाते, तोच हिशेब. आपल्या नावाखाली असं फंक्शन गेलं की लोक ते विश्वासाने वापरतील.

लॅबला सुचवलं ते वेगळं : नळीवर यूयूआयडी छापूच नका. तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक छापा, शेवटी एक तपासणी अंक ठेवा. आधारच्या बारा अंकांमधला शेवटचा अंक असाच असतो, व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले तर तो पकडतो. आणि नोंद आधी, लेबल नंतर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लॅबची दुसरी शाखा ठाण्यात सुरू होतेय आणि घरोघरी नमुने घेणारी मुलं टॅबवर, नेट नसताना, नोंदी करणार आहेत. यूयूआयडीची खरी गरज इथे. दोन शाखांनी आपापलं १, २, ३ मोजायला घेतलं आणि पुढे टेबलं एकत्र केली, तर दादर स्टेशनसारखं होतं. तिथे पश्चिम रेल्वेचाही एक नंबर आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर, "एक नंबरवर भेट" म्हटलं की माणसं दोन पुलांवर उभी. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ नंबर दिले तेव्हा तो घोळ मिटला, पण माझी आई अजून जुनेच नंबर सांगते आणि मला ते मनात बदलून घ्यावे लागतात. नंबर बदलणारा पाटी बदलतो. लोकांच्या तोंडातला, डायरीतला, पावतीवरचा नंबर तसाच राहतो.

टॅबसाठी व्हर्जन ७ बरा पडेल. त्याची घड्याळाची बाजू आज पुन्हा तपासली. एकाच मिलिसेकंदात अनेक आयडी मागितले तर क्रम टिकावा म्हणून वेळेनंतरचे १२ बिट्स आपण मोजणीला वापरतो. मोजणी भरली तर वेळ एका मिलिसेकंदाने पुढे ढकलतो. आणि घड्याळ मागे गेलं, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवताना जातं तसं, तर शेवटची वेळ धरून मोजत राहतो. हे सगळं आरएफसी ९५६२ ने, म्हणजे यूयूआयडीच्या नव्या प्रमाणाने, सुचवलेल्या पद्धतींत बसतं. टॅबचं घड्याळ हाताने दोन तास मागे फिरवून पाहिलं : प्रोग्राम चालू असेपर्यंत क्रम टिकला, बंद करून उघडल्यावर नवे आयडी जुन्यांच्या आधी जाऊन बसले. हे आपल्याला थांबवता येत नाही. म्हणून दस्तऐवजात ठळक लिहिलं : आयडीतल्या वेळेला नमुना घेतल्याची वेळ समजू नका, तिला स्वतःचा रकाना द्या. आणि रिपोर्टच्या लिंकमध्ये ७ वापरू नका, नोंद केव्हा झाली ते वाचणाऱ्याला त्यातून कळतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कुणीतरी व्हर्जन १, म्हणजे वेळेवरून बनणारा जुना प्रकार, काढून टाकणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला आहे. कारण खरं आहे. व्हर्जन १ मध्ये मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता उतरतो. १९९९ साली मेलिसा व्हायरसच्या तपासात वर्डच्या फाइलमधल्या जीयूआयडीतून (यूयूआयडीचंच दुसरं नाव) याच पत्त्याचा माग काढला गेला होता. नवं प्रमाणही म्हणतं, शक्य असेल तिथे १ ऐवजी ७ वापरा.

पण १ बनवणं आणि १ वाचणं यांत फरक आहे. पॅचने दोन्ही काढलं होतं. लोकांच्या टेबलांत पंधरा-वीस वर्षांचे व्हर्जन १ आयडी पडून आहेत आणि त्यातली वेळ काढायला ते आपल्याकडे येतात. ती वेळ १५ ऑक्टोबर १५८२ पासून मोजलेली असते, शंभर-शंभर नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत. ग्रेगोरियन दिनदर्शिका सुरू झाली तो दिवस. हा हिशेब प्रत्येकाने घरी पुन्हा लिहावा असं मला वाटत नाही.

पॅच पाठवणाऱ्याला लिहिलं : बनवताना इशारा देऊ, वाचणं कायम ठेवू. त्याने दुपारपर्यंत तसा बदल करून पाठवला. नीट, टेस्टसकट.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल पोस्टग्रेस या डेटाबेसचं १८ आलं, त्यात व्हर्जन ७ बनवणारं फंक्शन आतच आहे. दोघांनी विचारलं, आता तुमचं पॅकेज कशाला? प्रश्न रास्त आहे. आयडी डेटाबेसमध्येच बनणार असेल तर तिथलंच वापरा. टॅबवर, नेट नसताना, नोंद डेटाबेसपर्यंत पोचायच्या आधीच आयडी लागतो, तिथे आपण.

७ ची एवढी ओढ का, त्याचं उत्तरही आज नीट लिहून काढलं. ४ चे आयडी इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदी शोधायला डेटाबेस झाडासारखी मांडून ठेवतो त्या क्रमवार यादीत, कुठेही पडतात. प्रत्येक नवी नोंद झाडाच्या वेगळ्याच पानावर जाते, भरलेली पानं मध्येच फुटतात, आणि टेबल मोठं झालं की ती पानं मेमरीत मावेनाशी होतात. ७ चे आयडी वाढत्या क्रमाने येतात, त्यामुळे नव्या नोंदी उजव्या टोकाला एकमेकींशेजारी बसतात. मात्र मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर हे आपोआप होत नाही, तो यूयूआयडीची तुलना शेवटच्या सहा बाइट्सपासून करतो. हे वाक्य गाळलं तर कुणाचा तरी आठवडा वाया जाईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल पायथन ३.१४ आलं. त्याच्या स्वतःच्या लायब्ररीत आता व्हर्जन ६, ७ आणि ८ आहेत. त्यांच्या ७ ची मोजणी ४२ बिट्सची, आपली १२ ची. दोघांचे आयडी एका टेबलात मिसळून तपासले : मिलिसेकंदापर्यंत क्रम बरोबर, एकाच मिलिसेकंदात दोघांचे आले तर मागेपुढे. चालेल. पहिल्या पानावर लिहिलं की ३.१४ वर असाल आणि फक्त ७ हवा असेल तर आमची गरज नाही. सर वाचून म्हणाले, "बरोबर लिहिलंस."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. २.९.० सोडली : ७ नाव घेऊन मागायचा, १ वर इशारा, 'आयडी कापू नका' हे नवं प्रकरण आणि त्यात पासष्ट सेकंदांचं गणित.

लॅबमधून फोटो आला. जांभळ्या टोपणाची नळी, लेबलवर तारीख, अनुक्रमांक आणि तपासणी अंक. ताईंनी नाव मोठ्या अक्षरात छापायला लावलं आहे.

दुपारी दुसऱ्याच एकांचा फोन. ऑगस्टमधली सूचना त्यांनी आता वाचली, क्वेरी चालवली, आणि कन्स्ट्रेंट नसलेल्या एका जुन्या टेबलात ११ जोड्या निघाल्या. जोडीतला कोणता आयडी बदलायचा, असं विचारत होते. म्हटलं, जो अजून बाहेर गेलेला नाही तो. पावती, ईमेल, दुसरं टेबल, छापलेला कागद, यांपैकी कुठेही जो पोचला नाही, तोच बदलता येतो. फोनवरच एकेक जोडी काढून बघत गेलो. सात जोड्यांमध्ये तसा एक सापडला. उरलेल्या चारांत दोन्ही आयडी ग्राहकांच्या हातातल्या बिलांवर आहेत. त्या भाऊबीज झाली की बसून बघायचं ठरलं आहे, तोवर त्यांना हात लावू नका म्हणून सांगितलं.